फुस्तातच्या यहुदी न्यायसभा व त्यांचे कागद

ईजिप्त देशांत जुन्या कैरोच्या भागांत, फुस्तात येथें, बेन एझ्रा नांवाचें यहुदी प्रार्थनामंदिर आहे. ज्या कागदावर ईश्वराचें नाम आलें असेल तो नष्ट करूं नये, या धर्मसंकेतामुळें तेथील एका कोठडींत शतकानुशतकें जीर्ण कागद सांचत गेले. तीच प्रसिद्ध गेनीझा होय. १८९६-९७ सालीं सॉलोमन शेख्तर यांनीं त्यांतील दीड लाखाहून अधिक तुकडे केंब्रिजला नेले. अशा तुकड्यांच्या आधारें श्लोमो डोव्ह गॉइटाइन यांनीं 'अ मेडिटरेनियन सोसायटी' हा ग्रंथ पांच खंडांत रचिला (१९६७-८८). न्यायसभांचें विवेचन त्याच्या दुसऱ्या खंडांत (१९७१) असून त्याचेंच परीक्षण आम्हांस येथें कर्तव्य आहे.

यहुदी न्यायसभेस 'बेथ दीन' म्हणतात. तींत सामान्यतः तिघे बसत. फुस्तात येथें ती सोमवारीं व गुरुवारीं भरे. विवाहाचे करार, सोडचिठ्ठ्या, वारसा, भागीदारी, दास्यमुक्ति इत्यादि प्रकरणें तिच्यापुढें येत, आणि त्यांचे बहुतेक लेख अरबी भाषेंत परंतु हिब्रू लिपींत लिहिले जात. न्यायसभेचें मुख्य शस्त्र म्हणजे बहिष्कार. उलटपक्षीं, वादी-प्रतिवाद्यांस शेजारच्या काजीच्या दरबाराचें दार उघडें असे. तेथें जाऊं नये असा धर्माधिकाऱ्यांचा निषेध असतांहि लोक जात. याज्ञवल्क्यानें कुल, श्रेणि, पूग व राजनियुक्त सभा अशी चढती उतरंड सांगितली आहे. फुस्तातांतील नातें असें उतरंडीचें नसून शेजारपणाचें होतें, ही गोष्ट गॉइटाइन यांच्या ग्रंथावरून स्पष्ट होते. विस्कळित तुकड्यांतून एवढी व्यवस्था उभी करणें हें सामान्य काम नव्हे.

तथापि एका मुद्द्यावर आमचा आक्षेप आहे. न्यायाधीश निकालापेक्षां तडजोड पसंत करीत, यांत गॉइटाइन यांस समाजाची सलोख्याची वृत्ति दिसते. परंतु तडजोडीचा कागद लिहिला जातो तो तंटा मिटल्यावर, आणि लिहितो तो न्यायसभेचा लेखक. यहुदी धर्मशास्त्राप्रमाणें सोडचिठ्ठी देणें नवऱ्याच्या हातीं. सभा त्यास भीड घालील, दडपण आणील, पण त्याच्या ऐवजीं स्वतः ती देऊं शकत नाहीं. म्हणून सुटका मागणाऱ्या स्त्रीस विवाहसमयीं कबूल झालेल्या धनाचा उत्तरभाग पुष्कळदां सोडावा लागे. कागदावर मात्र तिनें सर्व हक्क राजीखुषीनें सोडल्याची नोंद होई. हिंदुस्थानच्या व्यापारास गेलेल्या नवऱ्याची वाट पाहाणाऱ्या स्त्रीची अडचण याहून बिकट. तो परतला नाहीं आणि त्याच्या मृत्यूचा पुरावाहि मिळाला नाहीं, तर तिला पुनर्विवाह करितां येत नसे. म्हणून प्रवासास निघण्यापूर्वीं मुदतीची सोडचिठ्ठी लिहून ठेवण्याचा प्रघात पडला. ज्या संमतीमागें अशी अडचण उभी आहे तिला सलोखा हें एकच नांव देणें बरोबर नव्हे.

ओडेड झिंगर यांनीं 'लिव्हिंग विथ द लॉ' (२०२३) या ग्रंथांत इ. स. १००० ते १२५० पर्यंतचे दांपत्यकलह तपासून हीच उणीव भरून काढिली आहे. न्यायसभेंत पुरुषाच्या पाठीशीं त्याचे आप्त व स्नेही उभे राहात. तडजोडीचा भार स्त्रीवर अधिक पडे. आणि काजीकडे जाण्याची धमकी हेंच कित्येकदां तिचें बळ ठरे, असें ते दाखवितात. आम्हांस हें मत ग्राह्य वाटतें. मात्र एवढ्यावरून सर्व न्यायसभेचें मोजमाप करूं नये. यूसुफ लेबदी या हिंदुस्थानशीं व्यापार करणाऱ्या गृहस्थाच्या १०९७-९८ च्या दाव्यांत दोन्ही पक्ष बलवान् व्यापारी होते. तेथें तीच सभा हिशेब व साक्षी बारकाईनें तपासतांना दिसते. सभा एकच, पण समोर कोण उभें आहे त्याप्रमाणें तिचें रूप पालटे.

या वादाचा आमच्या वाचकांशीं संबंध आहे. आपल्याकडील गोतसभेच्या निवाड्यांत हरलेल्या पक्षाकडून येजितखत घेत, आणि आपल्या जुन्या खतांतून 'आत्मसंतोषें लिहून दिलें' हे शब्द जागोजाग आढळतात. ते शब्द वाचून आपणहि तंटा खरोखर संतोषानें मिटला असें धरून चालतों. संग्राहक शिक्क्याचा महजर जपून ठेवितात आणि बिनतारखेची, फाटकी अर्जी रद्दींत टाकितात. गेनीझा हें सरकारी दप्तर नव्हे. तिनें कागदाची निवड केली नाहीं, म्हणूनच निवाड्याच्या जोडीस अर्ज, खासगी पत्रें व मसुदेहि उरले, आणि गॉइटाइन यांचें मत त्याच साधनांनीं तपासतां आलें. आपल्या घराण्यांतील रुमाल सोडतांना संग्राहकांनीं हें ध्यानांत ठेवावें, आणि निवाडपत्राबरोबर त्या तंट्याचा जो जो चिठोरा हातीं लागेल तो त्याच वेष्टनांत बांधून ठेवावा, एवढीच आमची विनंती आहे.