एक लेख, एक रीत

इंग्रजी लेखनात शुद्ध काय व अशुद्ध काय, याविषयी आमच्या सुशिक्षित वर्गात जितका आग्रह आढळतो, तितका एका लेखात एकच रीत पाळण्याविषयी आढळत नाही. हा दोष प्रथम आम्ही आमच्याच पदरी घेतो. विद्यार्थ्याने 'रियलाइझ' हा शब्द 'झेड' घालून लिहिला की त्याखाली तांबडी रेघ ओढून 'ही अमेरिकन तऱ्हा' असा शेरा आम्ही वर्षानुवर्षे मारीत आलो. पुढे होरेस हार्ट यांची नियमावली वाचनात आली आणि आम्ही खजील झालो.

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयातील जुळारी व मुद्रितशोधक यांजकरिता १८९३ साली छापलेले हे छोटे पुस्तक १९०४ पासून सर्वांस विकत मिळू लागले. प्रत्यय मूळचा ग्रीक, म्हणून तेथे 'झेड'च पसंत केला आहे. मात्र 'सरप्राइज', 'ॲडव्हर्टाइज' यांत तो प्रत्यय नसल्यामुळे 'एस'च हवा. अर्थात एकरूपता म्हणजे डोळे मिटून चालणे नव्हे.

तथापि हे पुस्तक एका छापखान्याची शिस्त आहे, इंग्रजीचे धर्मशास्त्र नव्हे. शिकागोच्या विद्यापीठ-मुद्रणालयाने १९०६ मध्ये आपली नियमावली निराळी काढली. भाषेतच एकवाक्यता कोठे आहे? जॉन्सनने १७५५ च्या कोशात 'रिसीट'मधील मुका 'पी' राखिला आणि 'डिसीट' या त्याच्या भावंडास नाकारिला. ते अद्याप तसेच चालले आहे.

भाषेचे हे असे असले, तरी लेखकास आपल्या पानापुरती शिस्त पाळता येते. देवनागरीत मोठ्या व लहान अक्षरांचा भेद नाही. म्हणून आमचे विद्यार्थी आदरणीय वाटेल त्या शब्दास मोठे अक्षर देतात. 'गव्हर्नमेंट' वर मोठ्या अक्षराने व खाली लहान अक्षराने आले, की वाचकास दोन निराळ्या संस्थांचा भास होतो. संख्यांचेही तसेच. सामान्य गद्यात ऑक्सफर्ड शंभराखालील संख्या अक्षरी लिहिते, कित्येक वृत्तपत्रे नऊपर्यंतच्याच. दोन्ही रीती चालतील. परंतु एकाच वाक्यात बारा मुलगे अक्षरी व १५ मुली अंकी, हे चालू नये.

आमच्या परीक्षक-बंधूंस विनंती एवढीच की, त्यांनी रीतीच्या निवडीस नव्हे, तर धरसोडीस गुण कापावे. आम्ही पूर्वी कापलेले गुण मात्र आता परत देता येत नाहीत.