गाविलगडची वाट आणि वेलस्लीचा खलिता

आज किल्ल्याबद्दल कमी आणि किल्ल्यापर्यंत नेणाऱ्या वाटेबद्दल जास्त बोलायचं आहे. त्यातही त्या वाटेवर लिहिलेल्या एका मजकुराबद्दल. 15 डिसेंबर 1803 ला देवगावच्या छावणीतून आर्थर वेलस्लीनं गव्हर्नर जनरलला, म्हणजे स्वतःच्या थोरल्या भावाला, गाविलगड घेतल्याचा खलिता पाठवला. पुढे हाच वेलस्ली वेलिंग्टनचा ड्यूक झाला, गुरवुडनं त्याचे खलिते छापले, आणि हा कागद जगभर गेला. गाविलगडच्या वेढ्याची जी हकीकत आपण वाचतो, तिचा मोठा भाग याच कागदातून आलेला असतो. म्हणून तो एक लेखन म्हणून कसा आहे, हे बघायला हवं.

प्रसंग थोडक्यात सांगतो. 29 नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली. दुसऱ्या रघूजी भोसल्यांची फौज हटली आणि तिच्यातलं बरंच पायदळ गाविलगडात शिरलं. गड आपल्या चिखलदऱ्याला लागूनच. दक्षिणेची चढण लांब आणि उभी, माणसांपुरती. वायव्येची वाट अरुंद, कातळ तासलेला, आणि बराच वेळ तटाच्या माऱ्यात. उत्तरेला लबाडा गावाकडून मात्र गडाच्या पातळीवरच जमीन येते. तोफा लावायच्या तर तिथूनच. पण एलिचपुराहून, म्हणजे आजच्या अचलपूरहून, तिथं जायला डोंगरातून सुमारे 30 मैलांचा फेरा होता, आणि तोफगाडे जातील असा रस्ताच नव्हता. 7 ते 12 डिसेंबर कर्नल स्टीव्हन्सनच्या सैन्यानं पुढे रस्ता करायचा आणि मागून जड तोफा हातांनी ओढायच्या, असं करत मेळघाट चढला. 13 ला मारा सुरू झाला, 15 ला सकाळी हल्ला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला.

आता मजकुराकडे येऊ. पहिली गोष्ट, हे गद्य चांगलं आहे. ते मोकळेपणानं मान्य करावं. तीन दरवाजे, तीन वाटा, प्रत्येक वाटेवरून काय जाऊ शकतं आणि काय नाही, एवढ्यात सगळा गड डोळ्यांसमोर उभा राहतो. ‘रौद्र’ नाही, ‘अभेद्य’ नाही, ‘बेलाग’ नाही. आपल्याकडच्या दुर्गवर्णनात दर ओळीला सह्याद्री छाती काढून उभा असतो. (हशा) त्यांनी हा परिच्छेद एकदा वाचावा. वाटेचं वर्णन चालणाऱ्याच्या कामाचं असलं पाहिजे, ही साधी गोष्ट त्यातून शिकता येते.

पण हेच गद्य काही ठिकाणी एकदम पुसट होतं, आणि ती ठिकाणं योगायोगानं आलेली नाहीत. वेलस्ली म्हणतो की एलिचपुरात चौकशी केल्यावर उत्तरेची बाजू सोयीची वाटली. चौकशी कुणाकडे? ते नाही. 30 मैलांची डोंगरवाट आपोआप कळत नाही. ती चालणारा कुणीतरी सांगतो. पुढे, रस्ता कुणी केला? ‘सैन्यानं’. स्टीव्हन्सनकडे होती ती हैदराबादची तैनाती फौज. तिच्यात बहुसंख्य शिपाई इथलेच, शिवाय लष्कर आणि बैल. हे सगळे एका शब्दात मावले. उलट आतल्या तटाला शिड्या लावून चढणाऱ्या तुकडीचा कॅप्टन कॅम्पबेल मात्र नावानिशी येतो. म्हणजे शिडीला नाव आहे, रस्त्याला नाही. आणि हे अफाट कष्ट सगळ्यांनी मोठ्या उत्साहानं केले, असंही तो लिहितो. तोफ ओढणाऱ्याला विचारून लिहिलेलं हे वाक्य नाही, एवढं नक्की.

कुणी म्हणेल, ‘सर, खलिता तो खलिताच, त्यात बैलांची नावं कशी येणार?’ बरोबर. माझी तक्रार खलित्याविषयी कमी आहे, आपल्या वाचनाविषयी जास्त आहे. पन्हाळा ते विशाळगड ही 1660 ची वाट आपण दर पावसाळ्यात चालतो, कारण तिथं बाजीप्रभू आहेत, बांदल आहेत. ती वाट आपल्या बाजूची आहे. लबाड्याची वाट आपल्या पराभवाची आहे, म्हणून ती आपण इंग्रजांच्या हवाली करून मोकळे झालो. बर्नार्ड कॉर्नवेलनं या वेढ्यावर ‘शार्प्स फोर्ट्रेस’ ही कादंबरी लिहिली. तिचा नायकही इंग्रजच. आपल्याकडची बखर राजघराण्याभोवती फिरते, खलिता सेनापतीभोवती. दोन्हींच्या मधून रस्ता करणारा माणूस निसटतो.

आणखी एक बघा. गड पडल्यावर दोनच दिवसांनी, 17 डिसेंबरला, देवगावचा तह झाला. भोसल्यांचा कटक प्रांत गेला, वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला. पण नरनाळा आणि गाविलगड भोसल्यांकडेच राहिले! ज्या गडासाठी डोंगर फोडला, तो परत केला. त्या वाटेनं मिळवलेली खरी गोष्ट होती तहाच्या टेबलावरची वरचढ बाजू. या मोहिमेत वेलस्लीबरोबर असलेला एल्फिन्स्टन लगेच नागपूरला रेसिडेंट म्हणून आला. म्हणजे ती वाट गडावर संपत नाही, इथं सीताबर्डीपर्यंत येते. ‘गड जिंकला’ या वाक्यावर हकीकत संपवणारा लेखक निम्मीच वाट चालतो.

शेवटी, तिथं चालणाऱ्यांसाठी. परतवाड्याहून धामणगाव गढी, मोथा, चिखलदरा हा घाट आपण गाडीनं तासाभरात चढतो. पुढचं रान व्याघ्र प्रकल्पाचं, परवानगीशिवाय पायी जायचं नाही. जिथं जाता येईल तिथं खलित्यातली तीन वाटांची खूणगाठ जरूर बरोबर न्या. उत्तरेच्या बाजूला उभं राहून जमीन कशी सपाट येते ते बघा, मग तोफा इथंच का आणल्या ते कळतं. पण आजूबाजूला कोरकू गावं आहेत. त्यातली काही प्रकल्पासाठी उठवली गेली, काही अजून आहेत. त्यांच्या वाटांना, नाल्यांना, टेकड्यांना त्यांची नावं आहेत. ती विचारा आणि लिहून घ्या. वेलस्लीनं एलिचपुरात चौकशी केली आणि सांगणाऱ्याचं नाव गाळलं. आपण चौकशी करू तेव्हा ते गाळू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

प्रश्न असतील तर घेऊया.