गंगारामाचें ‘महाराष्ट्रपुराण’ : एक परीक्षण

वाढत्या सत्तेचा इतिहास बहुधा तिच्याच दप्तरांवरून लिहिला जातो; शेजाऱ्याचें गाऱ्हाणें त्यांत क्वचित् येतें. नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरील स्वाऱ्यांसंबंधीं तें गाऱ्हाणें गंगारामाच्या या बंगाली काव्यांत आहे. मैमनसिंग जिल्ह्यांत सांपडलेल्या, इ. स. १७५१ च्या सुमाराच्या पोथींत ‘भास्करपराभव’ हें पहिलेंच कांड मिळतें.

कवीची मांडणी लक्षांत घेण्यासारखी आहे. आरंभीं पापभारानें पीडिलेली पृथ्वी दाद मागते व शिवाच्या आज्ञेनें नंदी शाहू राजाच्या ठायीं संचार करतो. म्हणजे मराठे हें दैवी शासनच ठरतें. पुढें बर्गी, म्हणजे बारगीर, गांवें जाळतात, ब्राह्मण, वैष्णव व स्त्रिया यांजवर हात टाकतात, तेव्हां पार्वती कोपून नबाबास अनुकूल होते. धर्माच्या नात्यानें आपला म्हणावा अशा कवीनें अलीवर्दीचा पक्ष घ्यावा, हें आमच्या मतें ग्रंथाचें मर्म होय.

पुराणाचा सांचा वगळला तरी साक्ष उरते. बरद्वानच्या दरबारांतील बाणेश्वर विद्यालंकाराचें ‘चित्रचंपू’ (१७४४) हें संस्कृत काव्यही बर्गींच्या क्रौर्याविषयीं असेंच बोलतें. १७४४ सालीं भास्करराम कोल्हटकर भेटीस बोलावून मारले गेले, हा दगा खराच. पण तेवढेंच सांगणें म्हणजे अर्धी बखर वाचणें होय. १७५१ च्या तहानें सालिना १२ लक्ष रुपये चौथाई ठरली. तो आंकडा आमचे ग्रंथ देतात. तो कशानें पदरांत पडला, तें गंगाराम सांगतो. दोन्ही शेजारीं ठेवल्यावांचून या प्रकरणाचा निकाल देऊं नये, असें आम्हांस वाटतें.