आभासाचं माप

नांदेड जिल्ह्यातल्या कंधारच्या क्षेत्रपाळाचे नुसते फोटो पाहून फारसं काही हाती लागत नाही. चौकटीत शेजारी माणूस उभा नसेल, तर तो दगड टेबलावर ठेवण्याएवढाही वाटू शकतो. प्रत्यक्षात ते राष्ट्रकूटकालीन महामूर्तीचे भग्न अवयव आहेत, आणि अखंड असताना ही मूर्ती पन्नास-साठ फूट उंच असावी असा अंदाज केला जातो. राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाच्या काळात (इ. स. ९३९–९६७) भरभराटीला आलेल्या, जगत्तुंग समुद्रासारखा तलाव मिरवणाऱ्या नगरीला ही झेप शोभणारीच. आज ती झेप उरली आहे फक्त मापात. नेमकं हे मापच फोटो, पडदा, मोबाइल यांना पोचवता येत नाही. व्हर्च्युअल रिॲलिटीला ते येतं. जग बदलून टाकण्याच्या तिच्या नावावरच्या साऱ्या आश्वासनांपैकी मला खरं वाटणारं आश्वासन हे एवढंच, आणि ते लहान नाही.

हे माध्यम जन्मलं तेव्हाही त्याचा प्राण इथंच होता. अमेरिकी शास्त्रज्ञ आयव्हन सदरलंड यांनी १९६५ साली एका छोट्या निबंधात अफाट कल्पना मांडली: अशी खोली, जिथं संगणकानं दाखवलेल्या खुर्चीवर बसता येईल आणि दाखवलेल्या बेड्यांनी हात खरोखर जखडले जातील. तीन वर्षांनी त्यांच्या प्रयोगशाळेत जे उभं राहिलं, ते मात्र फार साधं होतं. छताला जोडलेलं अवजड यंत्र, डोळ्यांपुढे दोन छोट्या चित्रनलिका आणि त्यांत नुसत्या रेषांचा एक घन. रंग नाही, सावली नाही, पोत नाही. तरी पाहणाऱ्यानं मान कलती केली की घनाची दुसरी बाजू दिसे. पाहणाऱ्याच्या शरीराची दखल घेणारं ते चित्र होतं. पुढच्या अर्धशतकात रंग आले, आवाज आले, कंपन्या आल्या. मूळ चमत्कार त्या रेषांतच पूर्ण झाला होता.

त्याची कारागिरी जवळून पाहण्यासारखी आहे. माणसाच्या दोन डोळ्यांतलं अंतर सरासरी ६३ मिलिमीटर. तेवढ्याच फरकानं घेतलेली दोन दृश्यं दोन डोळ्यांना दाखवली, की मेंदू त्यांतून खोली वाचतो. कॅमेऱ्यांतलं हे अंतर मुद्दाम वाढवलं, तर डोंगर खेळण्यातले दिसू लागतात आणि पाहणाराच राक्षस होतो. कमी केलं, तर पायरीसुद्धा कडा होते. म्हणजे जगाचं माप आपण स्वतःच्या देहानं घेत असतो, हे गुपित हे यंत्र उघड करतं. मान वळल्यापासून चित्र बदलायला सुमारे २० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागला, तर शरीराला फसवणूक कळते आणि पोट ढवळतं. साध्या ३६० अंशांच्या चित्रफितीत आणखी एक उणीव राहते. तिथं चहूकडे बघता येतं, पण वाकता येत नाही. आपण वाकलो की सगळं जगही आपल्याबरोबर वाकतं. क्षेत्रपाळासाठी ती पुरेशी नाही. त्याच्या पावलाभोवती फिरता आलं पाहिजे, मान मागे टाकून वर पाहता आलं पाहिजे.

शेकडो कोनांतून फोटो घेऊन या तुकड्यांची त्रिमितीय प्रतिकृती करणं आज अवघड नाही. खरी परीक्षा त्यापुढची. पायाच्या जागी पाय आणि हाताच्या उंचीवर हात ठेवून झाल्यावर उरलेल्या देहाचं काय करायचं? संगणक एका रात्रीत त्याला डोळे, मिशा, मुकुट सगळं देईल. मला तो मोह अरसिकपणाचा वाटतो. मिळालेले अवयव आपापल्या उंचीवर तरंगत राहू द्यावेत आणि मधली पोकळी तशीच ठेवावी. नजर त्या पोकळीतून वर चढेल, तेव्हा मूर्ती पाहणाऱ्याच्या आत पुरी होईल.

दृश्य पाहणाऱ्याच्या मनात पुरं व्हावं, ही काही नवी मागणी नव्हे. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवणारे, पुढे तिथंच प्राचार्य झालेले नरहर कुरुंदकर भरताच्या नाट्यशास्त्राचे व्यासंगी होते. तो ग्रंथ नाट्यगृहाच्या बांधणीलाच एक सबंध अध्याय देतो. मध्यम नाट्यगृह ६४ हात लांब, ३२ हात रुंद. त्याहून मोठं झालं तर नटाच्या चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत आणि आवाज विरतो. मंडप डोंगरातल्या गुहेसारखा हवा, वारा रोखणारा, स्वर घुमवणारा. लातूर जिल्ह्यातल्या खरोशाच्या जांभ्यात कोरलेल्या लेण्यांत शिरलं, की या अटीचं मर्म कळतं: बाहेरचं जग बंद झालं की आतलं मोठं होतं. हेडसेटही हेच करतो. पण भरताची कक्ष्यांची, म्हणजे रंगमंचाच्या कल्पित विभागांची, युक्ती त्याच्यापाशी नाही. नट रंगमंचावर फेरी घालतो आणि घराचं अरण्य होतं, नगराचा पर्वत होतो. पडदा हलत नाही, जागा पालटते ती प्रेक्षकाच्या मनात. शिवाय ती एकाच वेळी शेकडो मनांत पालटते. हेडसेटमधला माणूस एकटा असतो. शेजारच्याचा रोखलेला श्वास त्याला ऐकू येत नाही, आणि तो श्वासही रंगण्याचाच भाग असतो.

म्हणूनच या माध्यमाचं दुसरं गाजलेलं आश्वासन जपून घ्यावं. २०१५ साली जॉर्डनमधल्या झातारी छावणीतल्या सिद्रा नावाच्या सीरियन मुलीवर व्हीआर चित्रपट आला. त्याच्या निर्मात्यांपैकी ख्रिस मिल्क यांनी या माध्यमाला सहानुभूतीचं अंतिम यंत्रच ठरवलं. हेच यंत्र किल्लारीच्या भूकंपाला लावायचं ठरलं तर? ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. पायाखालची जमीन हलवणं, अंधार, किंकाळ्या हे सगळं तंत्राला सोपं आहे. त्यातून भीती उपजेल. करुण रस उपजणार नाही. रसाला थोडं अंतर लागतं, आणि जे गेले त्यांच्या मरणाचा अनुभव विकत घेण्याचा हक्क आपल्याला नाही.

मी भूकंपाआधीचं घर दाखवीन. खणाखणांचं माळवद, लाकडांवर फूट-दोन फूट मातीचा थर, चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती. पाहणाऱ्यानं आत उभं राहावं, मे महिन्यातल्या दुपारी या मातीनं किती पिढ्यांना गारवा दिला असेल ते समजून घ्यावं. मग भिंत काचेसारखी पारदर्शक व्हावी आणि आतले दोन सुटे थर दिसावेत, त्यांना एकमेकांत गुंफणारा आरपार दगड कुठंच नसल्याचं दिसावं. मग मान वर करून डोक्यावरच्या मातीचं वजन स्वतःच्या खांद्यांनी अजमावता यावं. लातूरचा एखादा स्थापत्यशास्त्राचा विद्यार्थी किंवा गवंडी हे पाहून, आरपार दगड किती हातांवर घालायचा असा प्रश्न विचारेल, तर हे माध्यम खेळण्याच्या पलीकडं गेलं असं मी मानीन. सदरलंडच्या खुर्चीवर बसायला मिळालं नाही तरी चालेल.