जीवनक्रम आणि सारांश : तंत्रज्ञ व उच्चाधिकारी यांच्या 'रेझ्युमे' या लेखनप्रकाराची समीक्षा

प्रस्तावना

नोकरीच्या अर्जासोबत जोडावयाचा 'रेझ्युमे' हा आपल्या महाविद्यालयांतून विपुल प्रमाणात लिहिला जाणारा गद्यप्रकार होय. तरीही भाषा-साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे लेखनप्रकार म्हणून क्वचितच पाहिले आहे. तो नोकरी-मार्गदर्शन कक्षाचा विषय आहे, असे समजून आपण तो बाजूला ठेवतो. परिणामी विद्यार्थी कोठून तरी मिळालेला साचा उतरवून काढतो आणि केवळ नाव बदलतो. प्रस्तुत लेखात तंत्रज्ञ व उच्चाधिकारी यांच्या रेझ्युमेचे स्वरूप, त्याचे गुणदोष आणि त्याच्या मर्यादा यांचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी रोह्याशी ज्यांचे घराणे व बालपण निगडित आहे त्या चिंतामणराव देशमुखांच्या जीवनक्रमाचा आधार घेतला आहे.

संज्ञांचा विचार

व्यवहारात बायोडेटा, सी.व्ही. आणि रेझ्युमे या तीन संज्ञा समानार्थी म्हणून वापरल्या जातात. वस्तुतः 'करिक्युलम व्हिटे' या लॅटिन शब्दसमूहाचा अर्थ 'जीवनाचा क्रम' असा आहे, तर 'रेझ्युमे' या फ्रेंच शब्दाचा अर्थ 'सारांश' असा आहे. पहिल्यात सर्व काही क्रमाने येणे अपेक्षित असते. दुसऱ्यात निवड अपेक्षित असते. निवड म्हणजे काय वगळावे याचा निर्णय. आपल्याकडील बहुतेक रेझ्युमे फसतात ते येथेच.

'बायोडेटा' या शब्दाचा मराठी समाजातील प्रमुख वापर विवाह जुळविण्याच्या संदर्भात होतो. जन्मतारीख, उंची, वडिलांचा हुद्दा, मामांचे गाव ही त्यातील माहिती तेथे उपयुक्तच असते. परंतु त्याच वळणाने लिहिलेला संगणक अभियंत्याचा रेझ्युमे पहिले अर्धे पान कौटुंबिक तपशिलात खर्च करतो. याच्या जोडीला दुसरा संस्कार आहे तो संकोचाचा. 'दासबोधा'च्या दुसऱ्या दशकातील पहिल्या समासात स्वतःची स्तुती करणे हे मूर्खाचे लक्षण म्हणून सांगितले आहे. हा संस्कार मोलाचा आहे. पण त्याचा विपरीत परिणाम असा होतो की, विद्यार्थी स्वतः केलेले काम सांगण्यास लाजतो आणि 'कष्टाळू', 'प्रामाणिक', 'संघभावना असलेला' अशी उसनी विशेषणे मात्र निःसंकोचपणे लिहितो. खरे पाहता स्तुती विशेषणात असते. केलेल्या कामाच्या कथनात ती नसते. हा भेद शिकविणे हे भाषाशिक्षकाचे काम आहे.

एक जुना नमुना

लिओनार्दो दा विंची याने मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा यास इ.स. १४८२ च्या सुमारास उद्देशून लिहिलेल्या पत्राचा मसुदा उपलब्ध आहे. रेझ्युमेचा आद्य नमुना म्हणून त्याचा अनेकदा उल्लेख होतो. त्यात त्याने क्रमांक घालून हलके वाहून नेता येणारे पूल, वेढ्याच्या वेळी खंदकातील पाणी काढून टाकण्याची युक्ती, तोफा, झाकलेले युद्धरथ अशी आपली कौशल्ये मांडली आहेत. शांततेच्या काळातील वास्तुरचना, शिल्प आणि चित्रकला यांचा उल्लेख शेवटी येतो. ज्याला आपण चित्रकार म्हणून ओळखतो त्याने चित्रकला अखेरीस ठेवली, कारण वाचणाऱ्याची गरज युद्धाची होती. रेझ्युमे हा वाचकाभिमुख लेखनप्रकार आहे, हे तत्त्व या पत्रावरून स्पष्ट होते. मात्र त्यातील पुष्कळ गोष्टी 'मी करू शकेन' या स्वरूपाच्या आहेत. आजचा नियोक्ता 'काय केले' हे विचारतो.

तंत्रज्ञांचा रेझ्युमे

समजा, पेणजवळील रामवाडीचा एक तरुण लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातून पदवी घेतो आणि रोह्याच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतील एखाद्या रासायनिक कारखान्यात संगणक विभागात दोन वर्षे काम करतो. त्याच्या रेझ्युमेत सामान्यतः 'जावा, पायथॉन व एस.क्यू.एल.चे ज्ञान' अशी ओळ आढळेल. ही ओळ खोटी नाही. पण ती निर्जीव आहे. त्याऐवजी त्याने पुढीलप्रमाणे लिहिले तर? 'सुट्या भागांच्या साठ्याची वहीत ठेवली जाणारी नोंद संगणकावर आणली. माहितीसंचाची रचना मी केली, पडद्यांची मांडणी सहकाऱ्याने केली. भांडारातील कर्मचाऱ्यांना वापर शिकविला.' येथे साधन, समस्या, स्वतःचा वाटा आणि परिणाम या चारही गोष्टी कळतात. सहकाऱ्याचे श्रेय सहकाऱ्यास दिल्याने लेखकाच्या उर्वरित विधानांवर विश्वास बसतो. शिवाय मुलाखतीत या प्रत्येक शब्दावर प्रश्न विचारता येतो आणि उत्तरही देता येते.

अलीकडील मार्गदर्शक पुस्तिका प्रत्येक ओळीत आकडा घालण्याचा आग्रह धरतात. त्यात तथ्य आहे. पण आकड्यास आधार हवा. 'कार्यक्षमतेत ३० टक्के वाढ' या विधानात कशाच्या तुलनेत, किती काळात आणि कोणामुळे हे सांगितलेले नसेल, तर तो आकडा म्हणजे अंकांत लिहिलेले विशेषणच होय.

आज मोठ्या कंपन्यांत अर्जांची पहिली चाळणी अनेकदा संगणकप्रणाली करते. त्यामुळे रकाने, चौकटी, चित्ररूप मजकूर टाळणे, शीर्षके साधी ठेवणे आणि तांत्रिक संज्ञा जाहिरातीतील रूपाशी जुळत्या लिहिणे इष्ट ठरते. तथापि न येणाऱ्या संज्ञा केवळ चाळणी ओलांडण्यासाठी कोंबणे हे आत्मघातकी आहे, कारण चाळणीनंतर माणूस वाचतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने रेझ्युमे लिहून घेण्याची प्रथा वाढल्यापासून सफाईदार भाषा सर्वांनाच सुलभ झाली आहे. म्हणून स्वतःच्या कामाचा अचूक तपशील, जो दुसऱ्या कोणासही ठाऊक नसतो, त्याचे मोल उलट वाढले आहे.

उच्चाधिकाऱ्याचा रेझ्युमे : देशमुखांचे उदाहरण

तंत्रज्ञाने काय घडविले हे पाहिले जाते. उच्चाधिकाऱ्याने कोणते निर्णय घेतले आणि त्यांची जबाबदारी कोणत्या व्याप्तीची होती, हे पाहिले जाते. या दृष्टीने चिंतामणराव देशमुखांचा (१८९६–१९८२) सारांश असा होईल : १९१२ मध्ये मॅट्रिकला प्रथम क्रमांक व जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती, केंब्रिज येथे निसर्गविज्ञानाचे शिक्षण, १९१८ मध्ये आय.सी.एस. परीक्षेत प्रथम, १९४३ ते १९४९ रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेतील भारतीय प्रतिनिधी, १९५० ते १९५६ केंद्रीय अर्थमंत्री, त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू.

हा सारांश निर्दोष आहे, पण यात पदे आहेत, निर्णय नाहीत. रिझर्व्ह बँकेचे १९४९ मधील राष्ट्रीयीकरण त्यांच्या गव्हर्नरपदाच्या काळात झाले. इम्पीरियल बँकेचे स्टेट बँकेत रूपांतर (१९५५) आणि आयुर्विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण (१९५६) त्यांच्या मंत्रिपदाच्या काळात झाले. हे लिहिल्यावरच पदांना अर्थ येतो. कार्यकारी रेझ्युमेचा मुख्य नियम येथून निघतो : पदनाम ही चौकट असून निर्णय हा आशय होय.

तरीही एक गोष्ट उरतेच. '१९५०–१९५६' यातील दुसऱ्या आकड्यामागे मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या धोरणाविरुद्ध दिलेला राजीनामा आहे. १९५२ मध्ये कुलाबा जिल्ह्याने, म्हणजे आजच्या रायगडने, त्यांना लोकसभेवर पाठविले होते. मराठी माणसाच्या स्मरणात त्यांच्या मंत्रिपदाइतकाच तो राजीनामा आहे. रेझ्युमेच्या चौकटीत मात्र तो कार्यकाळाची समाप्ती एवढाच राहतो. देशमुखांनी १९७४ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध केले, त्याचे नाव 'द कोर्स ऑफ माय लाइफ'. हा 'करिक्युलम व्हिटे' याचा जवळजवळ शब्दशः इंग्रजी अनुवाद आहे. सारांशात जे मावत नाही, त्यासाठी क्रम सांगावा लागतो, असेच जणू हे शीर्षक सुचविते.

अध्यापकांचा प्रश्न

ही चर्चा केवळ विद्यार्थ्यांपुरती नाही. ज्या विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद देशमुखांनी भूषविले, त्याच आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी शैक्षणिक कार्य निर्देशांक आणला आणि अध्यापकाचे कार्य गुणांच्या बेरजेत मांडले जाऊ लागले. पुढे त्या पद्धतीत बदल झाले; परंतु प्रमाणपत्रे साठविण्याची सवय राहिली. प्रस्तुत लेखही कोठेतरी एक ओळ म्हणून नोंदविला जाईल, याची जाणीव प्रस्तुत लेखकास आहे. आपणच चर्चासत्रांतील उपस्थितीची यादी लांबवीत असू, तर विद्यार्थ्यास निवडीचे महत्त्व कोणत्या अधिकाराने सांगणार?

निष्कर्ष

१. रेझ्युमे हा सारांश आहे. वाचकाची गरज ओळखून केलेली निवड हा त्याचा प्राण होय.
२. तंत्रज्ञाने साधनांच्या यादीऐवजी समस्या, स्वतःचा वाटा आणि परिणाम मांडावा. उच्चाधिकाऱ्याने पदनामांबरोबर निर्णय व त्यांची व्याप्ती मांडावी.
३. आधार नसलेला आकडा आणि उसने विशेषण हे एकाच जातीचे दोष आहेत.
४. भाषा विभागांनी प्रथम वर्षापासून, प्रथम मराठीत, 'मी काय केले' हे दहा ओळींत लिहिण्याचा सराव द्यावा. जे मातृभाषेत नेमके सांगता येत नाही, ते इंग्रजीच्या साच्यात ओतून नेमके होत नाही.
५. रेझ्युमे म्हणजे माणूस नव्हे, हे निवड करणाऱ्याने आणि लिहिणाऱ्यानेही विसरू नये. दोन तारखांच्या मधल्या आडव्या रेषेत काय दडले आहे हे विचारण्यासाठी मुलाखत असते; आणि ते विचारण्याची इच्छा वाचणाऱ्याच्या मनात निर्माण करणे, एवढेच चांगल्या रेझ्युमेचे कार्य होय.