भ्रमणमार्ग कोणाच्या जमिनीवरून?

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी २०१४ साली देशातील वाघांच्या ३२ प्रमुख भ्रमणमार्गांचा अहवाल प्रसिद्ध केला. विदर्भातून जाणारा कान्हा–नवेगाव-नागझिरा–ताडोबा–इंद्रावती हा मार्ग त्यातलाच. खाणी, रस्ते यांवरच्या वादांत या अहवालाचा दाखला दिला जातो. म्हणूनच त्याची चिकित्सा व्हायला हवी, असे आम्हाला वाटते.

अहवालामागचा विचार पक्का आहे. एकाच जंगलात कोंडलेल्या मोजक्या वाघांत जवळच्या नात्यातले प्रजनन वाढते आणि आनुवंशिक विविधता घटत जाते. एखादा तरुण नर दुसऱ्या जंगलात पोहोचला, तरच तेथे नवी जनुके येतात.

अशा नकाशांची रीत साधारण अशी असते. प्रदेशाचे लहान लहान चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोन ओलांडणे वाघाला किती अवघड, याचे गुण ठरवायचे: दाट जंगलाला कमी, शेत, वस्ती, रस्ता यांना जास्त. मग कमीत कमी बेरीज होईल अशी वाट शोधायची. पण हे गुण शेवटी माणूसच ठरवतो. रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघाला आणि महाराष्ट्र-तेलंगणातल्या शेताशिवारांतून हजाराहून अधिक किलोमीटर चालून ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. आपल्या हिशेबात जे 'अवघड', ते त्याने ओलांडले होते.

आमचा मुख्य आक्षेप याहून वेगळा आहे. या हिशेबात गाव म्हणजे केवळ अडथळा. ते जंगल राखणारेही असू शकते, याला गुणच नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला २०१२ मध्ये सुमारे १००० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाले. तेंदूपानांसाठी झाडे छाटली जातात, आगी लावल्या जातात, म्हणून ग्रामसभेने पाने तोडणेच बंद केले आणि बांबूवर उत्पन्न उभे केले. भ्रमणमार्गांना संरक्षण देणारी वन्यजीव कायद्यातली दुरुस्ती २००६ ची. ग्रामसभेला वन्यजीव रक्षणाचा अधिकार देणारा वनहक्क कायदाही २००६ चाच. नकाशात मात्र पहिल्याचेच प्रतिबिंब दिसते.

प्रत्येक गाव पाचगाव नसते, हे आम्हाला मान्य आहे. चंद्रपुरात वाघाच्या हल्ल्यात माणसे मरतात, गुरे जातात. भरपाई रखडली की वाघाबद्दलची आस्थाही आटते. पण ज्याच्या शिवारातून वाघ जाणार, त्याला न विचारता आखलेली रेघ कागदावरच राहील.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. आपल्या तालुक्याच्या नकाशावर दोन जंगले जोडणारी वाट मुलांना आखायला सांगावी. मग विचारावे: ही जमीन वनखात्याची, गावाची की शेतकऱ्याची? आणि ती मोकळी ठेवण्यात त्याचे हित काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जीवशास्त्राबरोबर नागरिकशास्त्राचेही पुस्तक उघडावे लागेल.