रिचर्डसनचे शेजारगणित : एक परीक्षण

समांतर गणन, शुद्ध गणित आणि परराष्ट्रनीती या तिन्ही क्षेत्रांच्या इतिहासात एकाच अभ्यासकाचे नाव घ्यावे लागावे, ही गोष्ट विरळाच. ल्यूइस फ्राय रिचर्डसन (१८८१–१९५३) या इंग्रज क्वेकर शास्त्रज्ञाच्या बाबतीत ती घडली आहे. तथापि त्याच्या कार्याचे परीक्षण बहुधा तुकड्यातुकड्यांनी होते. हवामानशास्त्रज्ञ त्याचा १९२२ चा ग्रंथ वाचतात; राज्यशास्त्रज्ञ १९६० साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेले युद्धविषयक दोन ग्रंथ चाळतात; गणिती सरहद्दींच्या लांबीविषयीचे विवेचन तेवढे उचलतात. या तिन्हींच्या मुळाशी एकच कल्पना आहे. ती म्हणजे शेजार. तिचे बळ आणि तिची मर्यादा ही सर्व लेखन एकत्र ठेवूनच पारखली पाहिजेत.

१९२२ च्या ग्रंथात रिचर्डसनने वातावरणाचे चौकोनी खंड पाडले. प्रत्येक खंडाची पुढील क्षणाची स्थिती त्याच्या स्वतःच्या व लगतच्या खंडांच्या आजच्या स्थितीवरून काढावयाची, ही त्याची रीत. हा आकडेमोडीचा डोंगर उपसण्यासाठी त्याने एका प्रचंड गोलाकार दालनाची कल्पना केली. तेथे ६४,००० माणसे आपापल्या वाट्याचे गणित करतात व शेजाऱ्याला आपले आकडे दाखवितात. मधोमध उभा असलेला संचालक पुढे धावणाऱ्यांवर गुलाबी आणि मागे रेंगाळणाऱ्यांवर निळा प्रकाश टाकतो. इलेक्ट्रॉनिक संगणक तेव्हा अस्तित्वातही नव्हता. परंतु आज हवामानाची समांतर आज्ञावली लिहिणारा हेच करतो : क्षेत्राची वाटणी, कडेच्या आकड्यांची देवघेव आणि सर्वांची चाल एकसारखी राखणे.

रिचर्डसनचा प्रत्यक्ष प्रयोग मात्र फसला. २० मे १९१० या दिवसाच्या गणितात सहा तासांत वायुभार १४५ मिलिबारने वाढेल असे उत्तर आले. वस्तुतः तो जवळजवळ स्थिर होता. हे अपयश त्याने संपूर्ण आकडेमोडीसह छापले. त्यामुळेच दोष मूळ पद्धतीत नसून वारा व वायुभार यांच्या प्रारंभीच्या असंतुलित आकड्यांत होता, हे उत्तरकालीन संशोधकांना दाखविता आले.

१९३९ च्या 'जनरलाइज्ड फॉरिन पॉलिटिक्स' या प्रबंधात हाच शेजार राष्ट्रांमध्ये येतो. एका राष्ट्राची शस्त्रवाढ प्रतिपक्षाच्या शस्त्रांमुळे वेग घेते, स्वतःच्या खर्चाच्या भाराने मंदावते, आणि जुन्या तक्रारी तिच्यात भर घालतात. दोन्ही पक्षांच्या भीतीच्या सहगुणकांचा गुणाकार लगामाच्या सहगुणकांच्या गुणाकाराहून अधिक झाला, की समतोल टिकत नाही. गणित म्हणून हा निष्कर्ष निर्दोष आहे. आधार म्हणून रिचर्डसन फ्रान्स-रशिया व जर्मनी-ऑस्ट्रिया या गटांचे १९०९ ते १९१३ चे लष्करी खर्च देतो. एकूण खर्च आणि त्याची वार्षिक वाढ यांचे बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेत पडतात. पण पाच वर्षांच्या आकड्यांतून वाढीचे बिंदू मिळतात चारच! चार बिंदूंच्या जवळून जाणाऱ्या रेषेवर एवढा सिद्धान्त तोलणे धाडसाचे होय. १९१० च्या हवामानातील त्याचे अपयश या यशापेक्षा अधिक विश्वसनीय आहे, असे म्हणावे लागते.

याहून मूलगामी आक्षेप असा : दालनातील शेजारी आकडा दाखवितो, आणि आकड्याचा अर्थ सर्वांना एकच असतो. राष्ट्र मात्र शेजाऱ्याच्या शस्त्रांचा अर्थ लावते. सरकार बदलले, तह झाला, की तो अर्थही बदलतो. शिवाय तेथे प्रकाश टाकणारा संचालक नाही. रिचर्डसनला याची जाणीव नव्हती असे नाही. माणसे थांबून विचार करीत नसतील तर काय करतील, एवढेच आपली समीकरणे सांगतात, असे त्याने बजावले आहे. म्हणून त्याच्यावर दैववादाचा आरोप करणे अन्यायाचे ठरेल. उणीव ही, की त्या थांबण्याला समीकरणात जागाच नाही. शस्त्रस्पर्धा युद्धावाचून संपू शकेल काय, असा प्रश्न त्यानेच १९५१ मध्ये विचारला. अमेरिका-सोव्हिएत स्पर्धा १९९१ पर्यंत त्या दोहोंत प्रत्यक्ष युद्ध न होता संपली. एकदा चढणीला लागलेली स्पर्धा अशी का उतरावी, हे अचल सहगुणक सांगू शकत नाहीत.

तरीही शेजाराच्या या शोधातूनच त्याला एक अनपेक्षित फळ मिळाले. अधिक सरहद्दी असलेली राष्ट्रे अधिक युद्धे करतात काय, हे तपासताना त्याला एकाच स्पेन-पोर्तुगाल सीमेची लांबी एके ठिकाणी ९८७ आणि दुसऱ्या ठिकाणी १,२१४ किलोमीटर आढळली. मापनाची पट्टी जितकी आखूड, तितकी वेडीवाकडी रेषा लांब भरते, हे त्याने दाखविले. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या विवेचनाचा आधार मँडेलब्रॉटने १९६७ च्या आपल्या निबंधात घेतला, आणि त्या वाटेने पुढे फ्रॅक्टल भूमिती उभी राहिली.

एका विषयाचे सूत्र दुसऱ्यावर बसविण्यात रिचर्डसनला मिळालेले यश मर्यादित आहे. न जुळणारा आकडा बाजूला न सारता त्याचा पाठपुरावा करण्यात मिळालेले यश मात्र चिरस्थायी आहे. विषयांच्या सीमा ओलांडू इच्छिणाऱ्या संशोधक विद्यार्थ्याने त्याच्यापासून धाडस घ्यावेच. पण त्याआधी सगळी आकडेमोड, चुकलेलीसुद्धा, वाचकासमोर ठेवण्याची त्याची शिस्त घ्यावी.